पावसाळ्यात न वाळणारे लाकूड

प्रश्न : अल्बाट्रोस डी.फाइव्ह या पहिल्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानाच्या १/४८ मापाच्या मॉडेलच्या बॉडीवर तैलरंगाने प्लायवुडचा रंग दिला. चार दिवसांनीही चिकट आहे, आणि लाकडाच्या रेषा फार जाड दिसतात. (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : तैलरंग हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतो, त्यामुळे बंद डब्यात ठेवून उपयोग नाही. ट्यूबमधला रंग आधी तासभर जाड पुठ्ठ्यावर काढून ठेवा, जादा जवसाचे तेल पुठ्ठा शोषून घेतो. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) निवडा. त्यातल्या मँगनीजमुळे तो लवकर वाळतो. गोव्याच्या जुलैत तरीही आठवडा धराच.

तळाचा थर फिकट पिवळसर, अ‍ॅक्रिलिकच हवा आणि २४ तास वाळलेला. इनॅमल असेल तर तैलरंग पातळ करायच्या टर्पेंटाइनने तो उखडतो.

रेषांचे म्हणाल तर या मापात १ मिमी म्हणजे खऱ्या विमानावर जवळपास ५ सेंमी! म्हणून रंग अगदी पातळ लावा, बहुतेक पुसून घ्या आणि कोरड्या चपट्या ब्रशने एकदाच ओढा. शेजारच्या पॅनेलवर टेप लावून छटा किंचित बदला. प्लायचे तुकडे वेगळे दिसतात ते त्यामुळेच. शेवटी क्लिअर ऑरेंजचा (पारदर्शक नारिंगी रंगाचा) पातळ हात द्या, व्हार्निशची ऊब येते.