वाचकांचे प्रश्न : पोर्ट वाइनचे वर्ष आणि वय

प्रश्न : पोर्ट करताना आंबवण अर्ध्यावर थांबवून स्पिरिट ओततात. मग त्या वर्षीच्या हवामानाला एवढे महत्त्व का?

उत्तर : अर्ध्यावर थांबवतात म्हणूनच. साधी लाल वाइन सालींबरोबर आठवडा-दोन आठवडे राहू शकते. पोर्टला जेमतेम दोन-तीन दिवस मिळतात. अल्कोहोल ६-७ टक्क्यांवर आले, की चार भागांना साधारण एक भाग या प्रमाणात ७७ टक्क्यांचे द्राक्ष-स्पिरिट घालतात. यीस्ट मरते, उरलेली साखर तशीच राहते, वाइन १९ ते २२ टक्क्यांवर येते. एवढ्या थोड्या वेळात रंग आणि टॅनिन (सालीतले तुरट द्रव्य) उतरायचे, तर साल पुरती पिकलेली हवी. पोर्ट जिथे होते त्या पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यात उन्हाळा फार तापला, की वेल पानांची रंध्रे मिटते आणि पिकणे अडते. द्राक्षे सुकून साखर चढते, टॅनिन मात्र कच्चे राहते. नुसता साखरेचा आकडा पाहून तोडणी करणारा इथेच फसतो. तोडणीच्या तोंडावर मोठा पाऊस झाला, तर रस पातळ होतो आणि घड सडतात. म्हणूनच व्हिंटेज पोर्ट, म्हणजे एकाच उत्तम वर्षाच्या द्राक्षांची पोर्ट, दरवर्षी जाहीर होत नाही. २०१६ आणि २०१७ ही लागोपाठची वर्षे अनेक मोठ्या उत्पादकांनी जाहीर केली, हे क्वचितच घडते. २०१७ इतके कोरडे आणि गरम, की तोडणी ऑगस्टमध्येच सुरू झाली.

प्रश्न : एका बाटलीवर २०११ आहे, दुसरीवर ‘२० वर्षे’. दोन्ही आणखी मुरवाव्यात का?

उत्तर : पहिली व्हिंटेज असेल तर जरूर. ती दोन-तीन वर्षांतच पिंपातून बाटलीत जाते आणि पुढची दशके तिथेच, जवळपास हवेविना, मऊ होते. १२ ते १५ अंशांवर, अंधारात, आडवी ठेवा. दुसरी ‘टॉनी’ प्रकारची पोर्ट. ती पिंपातच मुरली. लाकडातून हवा लागून रंग विटकरी झाला, पाणी-अल्कोहोल उडून साखर आणि आम्ल दाट झाले. ती अनेक वर्षांच्या वाइनचे मिश्रण असते, त्यामुळे एखाद्या वर्षाचे गुणदोष त्यात विरतात. बाटलीत ती सुधारत नाही. उभी ठेवा आणि पिऊन टाका. (पिंपातच मुरलेली, पण एकाच वर्षाची हवी असेल तर ‘कोल्हेता’ पाहा, ती किमान सात वर्षे लाकडात असते.)

प्रश्न : जुन्या व्हिंटेजचे बूच चुरते आणि शेवटचा पेला गढूळ येतो. काय करावे?

उत्तर : बाटली आदल्या दिवशी उभी करा, म्हणजे साका तळाशी बसेल. जुन्या बुचाला स्क्रूपेक्षा दोन पात्यांचा ओपनर बरा; पाती बूच आणि काच यांच्या मधून सरकतात. मानेखाली उजेड धरून एकाच सलग धारेत ओता. साका मानेपाशी दिसताच थांबा. मध्ये बाटली सरळ केलीत, तर सगळे पुन्हा ढवळते. चुरा पडलाच, तर साबणाचा वास नसलेल्या मलमलीतून गाळा. उघडलेली व्हिंटेज दोन-तीन दिवसांत संपवा. टॉनी फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे टिकते. मदेरा ही पोर्टसारखीच स्पिरिट घातलेली वाइन आधीच उष्णता आणि हवा सोसून तयार झालेली असल्याने महिनोन्‌महिने राहते.