पवई तलावात फ्लोट (दोरीला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा तुकडा) लावून रोहू-कटला धरायचा तर आमिष किती खोल सोडावं?

मासा कोणता हवा, त्यावर ठरतं. कटला वरच्या थरात खातो, त्याचं तोंडही वर वळलेलं. रोहू मधल्या पाण्यात, मृगळ थेट तळाशी. म्हणून कटल्यासाठी फ्लोट गळापासून दोनेक फुटांवर, मृगळासाठी आमिष चिखलाला टेकेल इतकी दोरी. कणीक घट्ट मळा, थोडी पेंड घाला, गोळी बोराएवढी पुरे. फ्लोट नुसता थरथरला तर हात आवरा. तिरका सरकत बुडायला लागला की मनगटाने झटका. अचानक आडवा पडला तरी ओढाच, मृगळाने आमिष तळावरून उचललेलं असतं. बसण्याआधी अँगलिंग असोसिएशनची (गळाने मासे धरणाऱ्यांच्या संघटनेची) परवानगी काढा. आणि तलावात मगरी आहेत, पाय पाण्यात सोडायचे लाड नकोत!