लॉगिनचा पासवर्ड उडवून टाकू का?

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर उबुंटू आहे. रोज पासवर्ड टाकायचा कंटाळा येतो म्हणून ऑटोमॅटिक लॉगिन चालू केलं. आता डेस्कटॉप थेट उघडतो, पण क्रोम सुरू केलं की कीरिंग अनलॉक करायला सांगणारी चौकट येते. मित्र म्हणतो, कीरिंगचा पासवर्ड कोरा ठेव, नाहीतर खात्याचा पासवर्डच उडवून टाक. काय करू?

उत्तर : दोन्ही करू नका. ऑटोमॅटिक लॉगिनला मात्र माझी हरकत नाही, एका अटीवर. ती पुढे सांगतो.

आधी ती चौकट. कीरिंग म्हणजे तुमच्या पासवर्डांची तिजोरी. क्रोम साठवलेले पासवर्ड ज्या किल्लीने कुलूपबंद करतं, ती किल्लीही तिथेच असते. या तिजोरीला तुमचा लॉगिन पासवर्डच लागतो. एरवी तुम्ही तो टाइप केलात की पॅम ही यंत्रणा तोच कीरिंगकडे पोचवते आणि ते आपोआप उघडतं. ऑटोमॅटिक लॉगिनमध्ये तुम्ही काही टाइपच केलेलं नसतं, मग पोचवणार काय? बोटाच्या ठशाने लॉगिन केलंत तरी हेच होतं. बिघाड कसलाच नाही.

कीरिंग कोरं केलंत तर चौकट जाईल, पण त्यातला मजकूर डिस्कवर उघड्यावर पडेल. फाइल हाती लागली की झालं, फोडायला काही उरतच नाही.

खात्याचा पासवर्ड उडवणं तर मला त्याहून घातक वाटतं. ऑटोमॅटिक लॉगिनमध्ये पासवर्ड जागेवर असतो, फक्त सुरुवातीला विचारला जात नाही. स्क्रीन लॉक झाली की आणि सुडो, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवण्याची सोय, वापरताना तो लागतोच. तो पुसलात की पासवर्डांची नोंद ठेवणाऱ्या शॅडो फाइलमधली त्याची जागा रिकामी होते. मग लॉक स्क्रीन नावापुरती राहते आणि सुडोही कुणालाही आत सोडतं, म्हणजे अख्खी सिस्टिम मोकळी.

आता अट : डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, हवी. लॉगिन पासवर्ड चोरापासून फाइली वाचवतो असं पुष्कळांना वाटतं आणि त्याची मला खरंच काळजी वाटते. कुणीही लाइव्ह यूएसबी (पेनड्राइव्हवरूनच चालणारी सिस्टिम) लावून तुमचा होम फोल्डर निवांत वाचू शकतो, पासवर्ड कितीही अवघड असो. लक्स या लिनक्सच्या एन्क्रिप्शन यंत्रणेने डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर लॅपटॉप सुरू होतानाच सांकेतिक वाक्य मागितलं जातं. ते तुम्ही दिलंत, पुढे लगेच पुन्हा लॉगिन पासवर्ड नाही विचारला तरी चालतं. माझ्या लॅपटॉपवर मीही असंच ठेवलंय. मात्र झाकण मिटून सस्पेंड केलेल्या लॅपटॉपमध्ये डिस्कची किल्ली मेमरीत तशीच असते. तिथे लॉक स्क्रीनचाच काय तो आधार, म्हणून सस्पेंड होताना लॉक होण्याची सोय चालूच ठेवा.

एन्क्रिप्शन बहुतेक इन्स्टॉल करतानाच निवडतात. तुमच्याकडे नसेल तर बॅकअप घेऊन नव्याने इन्स्टॉल करा. तोवर ऑटोमॅटिक लॉगिन बंद ठेवा, चौकटही येणार नाही.

कीरिंग आधीच कोरं करून बसला असाल तर 'पासवर्ड्स अँड कीज' हे अ‍ॅप उघडा, लॉगिन नावाच्या कीरिंगवर राइट क्लिक करून पासवर्ड बदला आणि लॉगिनचाच पासवर्ड पुन्हा द्या.