वाचकांचे प्रश्न : मंडळीचा मदतनिधी

प्रश्न : आमची मंडळी (चर्च) शंभरेक कुटुंबांची आहे. रविवारी उपासना सुटली की फाटकाशी मदत मागणारे उभे असतात. पाळकसाहेब स्वतःच्या खिशातून देतात, मग कोणाला किती दिले यावरून कुजबुज होते. पद्धत कशी बसवावी?
– एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : पाळकांच्या खिशावर मंडळीची सेवा चालवणे हा पाळकांवर अन्याय आहे आणि मागणाऱ्यावरही, कारण मग मदत ओळखीवर ठरते. प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीच्या) रविवारचे अर्पण गरिबांसाठी वेगळे ठेवण्याची जुनी रीत आहे. तिथून सुरुवात करा. पैसे त्याच दिवशी, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी मोजावेत, रक्कम आकड्यात आणि अक्षरी लिहून सह्या कराव्यात आणि सोमवारी बँकेत भरावेत. बायबलमधल्या प्रेषित पौलानेही यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी एकट्याने हाताळली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली, ती कोणी बोट दाखवू नये म्हणूनच.

खाते वेगळेच हवे. सामान्य निधीत हे पैसे मिसळले की पावसाळ्याच्या तोंडावर छपराची दुरुस्ती ते गिळून टाकते, आणि जूनअखेर आपल्याकडच्या शाळा उघडतात तेव्हा पोरांच्या वह्या-पुस्तकांना काही उरत नाही.

समिती तिघांची पुरे : पाळक, महिला संघातली एक बाई आणि हिशेब जाणणारा एक सभासद. समितीतल्या कोणाच्या नातलगाचा अर्ज आला तर त्याने त्या दिवशी बाजूला बसावे. अर्ज आल्यापासून दोन दिवसांत दोघांनी घरी जाऊन यावे. एकट्याने कधीच जाऊ नये, आणि दोघांत एक बाई असावीच. घरात खाणारी तोंडे किती, कमावते कोण, रेशन कार्ड कोणते, बचत गटाचा किंवा फायनान्सवाल्यांचा हप्ता थकला आहे का, एवढे बसून विचारावे. हप्त्याबद्दल लोक आपणहून सांगत नाहीत, आणि पुष्कळदा खरी अडचण तीच असते.

पैसे शक्यतो थेट किराणा दुकानात, शाळेत, मेडिकल स्टोअरमध्ये भरावेत. तातडीसाठी समितीला न विचारता हजार रुपयांपर्यंत देण्याची मुभा पाळकांना असू द्या. ‘गावी जायला भाडे नाही’ म्हणणाऱ्यासोबत एकाने गणेशपेठच्या बसस्टँडवर जावे आणि तिकीट काढून गाडीत बसवून द्यावे. वार्षिक अहवालात नावे नकोत, अर्जांचे क्रमांक आणि रकमा द्या. वेदीपुढे उभे करून पाकीट दिले आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकला, तर त्या घरची मुले पुढच्या रविवारी संडे स्कूलला येत नाहीत.

प्रश्न : नाताळात आम्ही 50 कुटुंबांना किराण्याचे किट देतो. प्रत्येकात 10 किलो तांदूळ असतो. यंदा आणखी काय घालावे?
– महिला संघाच्या सभासद, जरीपटका

उत्तर : आधी तांदूळ कमी करा. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कार्डावर घरटी 35 किलो धान्य मोफत मिळते. त्यावर तुमचे 10 किलो आले की ते विकले जाते. त्यात लबाडी नाही, त्या घराला तेलासाठी पैसे हवे असतात. चौघांच्या घराला महिनाभरासाठी तूरडाळ 3 किलो, तेल 2 लिटर, साखर 2 किलो, चहापत्ती पाव किलो, शेंगदाणे 1 किलो, तिखट, हळद, मीठ, अंगाचे आणि कपड्यांचे साबण, आणि मुलगी वयात आलेली असेल तर पॅड. तेल सीलबंद पाकिटातलेच घ्या. पीठ दळून ठेवू नका, जाळी लागते.

ज्यांना रेशनच मिळत नाही त्यांना मात्र धान्य भरपूर द्या. कामाने बोटे झिजलेल्या म्हाताऱ्या बाईचा अंगठा मशीनवर उमटत नाही, ती दोन-तीनदा परत फिरते आणि मग जायचेच सोडते. तिच्यासोबत रेशन दुकानात आणि गरज पडली तर पुरवठा कार्यालयात जाणारा तरुण संघातला एक मुलगा वर्षभराच्या किटपेक्षा मोलाचा.

प्रश्न : मेडिकलमध्ये (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) रुग्णांच्या नातेवाइकांना खिचडी वाटायची आहे. प्रमाण काय?
– तरुण संघ, इंदोरा

उत्तर : शंभर माणसांना तांदूळ 8 किलो, मूगडाळ 3 किलो, तेल 1 लिटर, मीठ 300 ग्रॅम, पाणी 33 ते 35 लिटर. तिखट बेताचे. गडचिरोली, चंद्रपूर, छत्तीसगडहून आलेली माणसे दिवसभर व्हरांड्यात बसून असतात. तिथे आधीच कोण, कोणत्या वेळी वाटते ते विचारून घ्या. दुपारी तीन गाड्या आणि रात्री एकही नाही, असे होऊ नये.

खिचडी शिजल्यापासून दोन तासांत संपली पाहिजे. भातातले काही जिवाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात झपाट्याने वाढतात, आणि त्यांनी सोडलेले विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. मे महिन्यात तर उरलेली खिचडी संध्याकाळी वाटूच नका. रुग्णाला वॉर्डात विचारल्याशिवाय देऊ नका, त्याला पथ्य असते.

प्रश्न : शेजारच्या घरात ऑपरेशन आहे. ते ख्रिस्ती नाहीत. मंडळीने वर्गणी काढावी का?
– एक वाचक, मानकापूर

उत्तर : ख्रिस्ती असण्या-नसण्याचा प्रश्नच येत नाही. मदतीसोबत पत्रक किंवा प्रार्थनेचे आमंत्रणही देऊ नका, घेणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येत नसते.

पण वर्गणीच्या आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पाहा. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला (तिथे बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाला) भरती होण्याआधीच भेटा. ऑपरेशनला योजनेची पूर्वमंजुरी लागते. आधी रोखीने भरती होऊन मग योजना मागितली की घोटाळा होतो. योजनेत बसत नसेल तर धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका.

मंडळीने उचलायचे ते योजनेत नसलेले : येण्या-जाण्याचे भाडे, सोबतच्या माणसाचे जेवण, बुडालेली रोजी. आणि रक्त. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ, त्यांना वारंवार लागते. तरुण संघाने रक्तगटांची यादी करून ठेवावी, शेवटचे रक्त कधी दिले ती तारीख समोर लिहून. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि बाईला चार महिन्यांनी पुन्हा देता येते.