मंदीत रबाळ्याला गाळा घेण्याआधी

चिरंजीव, अनेक उत्तम आशीर्वाद.

बाजार थंड असताना नवी मुंबईत रबाळ्याला लेथचं, म्हणजे धातू फिरवून कापायच्या मशीनचं, काम सुरू करायचं म्हणतोस, मला ते पटतं. जुनी मशिनं आत्ता पडत्या भावात मिळतात आणि गाळामालकही डिपॉझिटवर बोलायला तयार असतात. मंदीत माणूस मरतो तो उधारीने, म्हणून आधी हिशोब कर.

समज, महिन्याला २ लाखांचं काम. त्यात मटेरियल १ लाख; भाडं, पगार, वीज ७० हजार. नव्या माणसाला स्टीलवाला उधार देत नाही, पार्टी, म्हणजे काम देणारी कंपनी, मात्र ६० दिवसांनी पैसे देते. एप्रिलअखेरच्या बिलाचे पैसे जूनअखेर आले, तर तोवर तीन महिन्यांचे ५ लाख १० हजार गेलेले असतात. वर १८ टक्के जीएसटी. मटेरियलवर दरमहा १८ हजार, आणि विक्रीवरच्या ३६ हजारांतून ते वजा करून उरलेले १८ हजार पुढच्या महिन्याच्या २० तारखेला, पार्टीने दिले नसले तरी. जूनअखेर मटेरियलवरचे तीन आणि विक्रीवरचे दोन हप्ते मिळून हे ९० हजार होतात. एकूण ६ लाख, मशीन आणि डिपॉझिट सोडून.

एवढे नसतील तर पहिलं वर्ष माल पार्टीचा, मजुरी तुझी. मजुरीचं बिल १ लाखाचं धरलं, तर याच उधारीला अडीच लाखांत भागतं. मालासोबतच्या चलनावर नग आणि वजन दोन्ही लिहून घे, कापताना निघणारा चुरा कोणाचा तेही. रिजेक्ट झालेल्या नगाचे पैसे तुझ्या बिलातून कापले जातात, आणि वाद तिथेच होतो.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंद, फुकट आहे, पहिल्या ऑर्डरच्या आधी कर आणि नंबर बिलावर छाप. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे लघुउद्योगांच्या, कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे थकवता येत नाहीत. करार नसेल तर १५. एप्रिल २०२४ पासून मुदतीत न दिलेलं बिल मोठ्या कंपनीला पैसे देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यांच्या अकाउंट्सवाल्याला हे पक्कं ठाऊक असतं. मार्चच्या सुरुवातीलाच त्याला नम्रपणे यादी पाठव.

जुना लेथ घेताना रंगावर जाऊ नकोस. सॅडल, म्हणजे हत्यार धरून सरकणारा भाग, चकजवळ (जॉब पकडतो तिथे) सैल आणि टेलस्टॉककडे (दुसऱ्या टोकाला) जड फिरत असेल तर बेड, म्हणजे खालची पट्टी, झिजलाय, कारण रोजचं काम चकजवळच होतं. असा लेथ टेपर मारतो, म्हणजे जॉब एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक होतो. चकजवळ बार टर्न करून दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लाव.

गाळ्याचं जुनं वीजबिल पाहा, आधीची थकबाकी तुझ्या गळ्यात पडू शकते. मंजूर लोड, म्हणजे किती वीज वापरायची परवानगी आहे, तेही तपास. पोटभाड्याला एमआयडीसीची परवानगी आहे का, ते कागदावर बघितल्याशिवाय टोकन देऊ नकोस.

पहिलं ड्रॉइंग हाती आलं की रेट सांगण्याआधी घेऊन ये. टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल, ते दोघं मिळून बघू.