लॉ स्कूलमध्ये जर्नलच्या संपादक मंडळात जावं, की तो वेळ स्वतःचे लेख छापून आणण्यात घालवावा?

तुम्ही दुसऱ्या वर्षाला आहात, संपादक मंडळात निवड झाली आहे, आणि सीनियर सांगतायत की तिथे नुसत्या तळटीपा तपासत बसावं लागतं, त्यापेक्षा सीव्हीवर चार पब्लिकेशन्स दाखव. शिकत असताना मी हे काम केलंय. माझं ऐकाल तर जा, आणि त्या तळटीपांसाठीच जा.

तळटीप तपासायची म्हणजे स्वल्पविराम आणि तिरपी अक्षरं बघायची, असं बाहेरून वाटतं. तेही असतं. संदर्भ कसे लिहायचे हे सांगणारी ब्लूबुक नावाची अमेरिकन नियमावली 1926 पासून विद्यार्थ्यांना छळतेय, तिच्यासारखं काहीतरी तुमच्याही माथी येईल. पण खरं काम पुढे सुरू होतं. लेखकाने लिहिलेलं असतं, 'न्यायालयाने असं ठरवलं.' तुम्ही मूळ निकालपत्र काढता, ते पान उघडता, तर वाक्य अल्पमतातल्या न्यायाधीशांचं निघतं. कधी ती जाता जाता केलेली टिप्पणी असते, निकाल तिच्यावर उभाच नसतो. आणि कधी ते वाक्य निकालपत्रात सापडतच नाही, कारण लेखकाने ते वरच्या हेडनोटमधून, म्हणजे निकालाच्या माथ्यावर छापलेल्या सारांशातून, उचललेलं असतं. हेडनोट न्यायाधीशांची नसते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डेट्रॉइट टिंबर खटल्यात 1906 सालीच हे बजावलंय, तरी मोठमोठे लेखक अजून तिथेच घसरतात. हे सगळे फरक परीक्षेपुरते आपण पाठ केलेले असतात. ते अंगवळणी पडतात ते दुसऱ्याचा लेख असा उसवून बघताना.

विद्यार्थ्यांचं जर्नल म्हणजे पोरखेळ, असं कोणी म्हणालं तर हार्वर्ड लॉ रिव्ह्यू आठवा. 1887 मध्ये विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं आणि 1890 मध्ये त्यात वॉरन आणि ब्रँडाइस या दोन वकिलांचा खासगीपणाच्या हक्कावरचा लेख आला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 2017 मध्ये पुट्टस्वामी खटल्यात हा हक्क मूलभूत ठरवला, तेव्हाही त्या लेखाची दखल घेतली गेली.

या पद्धतीवर एक आक्षेप मात्र मला पटतो. इतर विषयांत लेख त्या विषयातले जाणकार तपासतात, इथे तिशीही न गाठलेली मुलं प्राध्यापकांचे लेख निवडतात, आणि वजनदार नाव दिसलं की भुलतात. म्हणून लेखकाचं नाव झाकून निवड होते का, हे आधी विचारून घ्या. होत नसेल तर पहिल्याच बैठकीत विषय काढा.

आता तुमच्या पब्लिकेशनचं. पैसे भरले की आठवड्यात छापून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. मुलाखत घेणारा त्या लेखावर दोन प्रश्न विचारतो आणि पितळ उघडं पडतं. एकच ताजा निकाल घ्या, अल्पमतासकट पूर्ण वाचा, आणि तो कुठे डळमळतो एवढ्यावरच टिपण लिहा. पाच-सहा पानं पुष्कळ झाली.

वेळेचं म्हणाल, तर अंक छापायला जायच्या दिवसांत मूट कोर्टचं (अभिरूप न्यायालय स्पर्धेचं) मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, अंगावर घेऊ नका. दोन्हीची मुदत नेमकी एकाच आठवड्यात येते.