पडद्यापाशी : चीनवरचे माहितीपट आणि वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आमच्या कॉलेजात फिल्म सर्कल आहे. चीनमधलं जगणं आणि इतिहास यांवरच्या माहितीपटांचा दोन दिवसांचा महोत्सव करायचं ठरतंय. सर म्हणतात, 1911 च्या क्रांतीपासून सुरुवात करा, मग 1949 ची कम्युनिस्ट सत्ता, मग माओची सांस्कृतिक क्रांती, असं ओळीने आजपर्यंत या. आम्हाला ते अभ्यासक्रमासारखं वाटतं. कोणते चित्रपट घ्यावेत आणि कुठल्या क्रमाने?
– एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : सरांचा क्रम पुस्तकात शोभतो. सभागृहात तो पहिल्याच तासात गळपटेल, कारण सनावळी ऐकत बसलेल्या पोरांना तोवर एकही चिनी माणूस धड भेटलेला नसेल. आधी माणूस भेटू दे. माझी निवडीची अट एकच आहे : कॅमेरा एखाद्या घरापाशी, एखाद्या वर्गापाशी, एखाद्या बाईपाशी बराच वेळ थांबलेला हवा. आकाशातून टिपलेली धरणं आणि वर भारदस्त आवाजातलं निवेदन असलं की मी तो चित्रपट बाजूला ठेवते.

शनिवारी सकाळी ‘प्लीज व्होट फॉर मी’ लाव. 2007 चा आहे, तासाभराच्या आत संपतो. वूहानच्या एका शाळेत तिसरीच्या वर्गात मॉनिटरची निवडणूक लागते. एरवी बाई नेमायच्या, यंदा मतदान. उमेदवार तीन, दोन मुलगे आणि एक मुलगी. घरोघरी आईबाप पोरांकडून भाषणं घोटून घेतात, समोरच्याची उणीदुणी कशी काढायची ते शिकवतात. आधीपासून मॉनिटर असलेला पोरगा वर्गातल्यांना मारतो अशी तक्रार असते. त्याचे आईवडील पोलीस खात्यातले. ते सगळ्या वर्गाला रेल्वेची सैर घडवून आणतात. निकाल सांगत नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुका जवळून पाहिलेल्या पोरांना कुठे हसायचं ते शिकवावं लागणार नाही.

दुपारी ‘लास्ट ट्रेन होम’, लिक्सिन फान यांचा, 2009 चा. नवरा-बायको ग्वांगझूच्या कारखान्यात शिलाई मशीनवर, पोरं सिच्वानमधल्या खेड्यात आजीकडे. भेट होते ती वर्षातून एकदा, चिनी नववर्षाला. त्या दिवसांत गावी निघालेल्या स्थलांतरित कामगारांचा आकडा चित्रपट 13 कोटी सांगतो. 2008 च्या हिमवादळात गाड्या अडकल्या तेव्हाची ग्वांगझू स्टेशनवरची गर्दी पाहताना छाती दडपते, आणि हे मी मुंबईच्या लोकलमध्ये आयुष्य काढून सांगते आहे. पण चित्रपटाचा जीव गर्दीत नाही, मुलीत आहे. तुम्ही मला वाढवलंच कुठे, असा तिचा राग. शाळा सोडून तीही कारखान्यात जाते. ऐन सणाला बापलेकीची मारामारी होते आणि मुलगी कॅमेऱ्याकडे वळून चित्रण करणाऱ्यांनाच सुनावते की खरी मी पाहायची होती ना, हीच ती. इथे चर्चेला अर्धा तास राखून ठेव. कॅमेरा बंद करून मध्ये पडायला हवं होतं का, यावर तुमच्यात भांडण होणार, आणि ते व्हायलाच हवं.

संध्याकाळी फक्त ‘फेंगमिंग’. वांग बिंग यांचा, 2007 चा, तीन तासांहून मोठा. फेंगमिंग (आडनाव ‘हे’) या वृद्ध बाई घरात येतात, खुर्चीत बसतात आणि बोलू लागतात. बस, एवढंच. तरुणपणी त्या गान्सूमधल्या वृत्तपत्रात पत्रकार होत्या. पक्षावर टीका करणाऱ्यांना ‘उजवे’ ठरवणाऱ्या 1957 च्या मोहिमेत नवरा-बायको दोघांवर तो शिक्का बसला. नवऱ्याला ज्याबियानगौच्या श्रमछावणीत धाडलं आणि तो तिथेच उपासमारीने गेला. बाई सांगत राहतात, बाहेर दिवस मावळतो, खोली काळवंडत जाते, शेवटी नुसती आकृती उरते. मग कुठे दिग्दर्शक दिवा लावायची विनंती करतो. जुनी चित्रफीत नाही, पार्श्वसंगीत नाही. त्या साली काय घडलं हे तुमच्या सरांना जे सांगायचंय, ते इथे पूर्ण मिळतं. मध्यंतर करू नका. कोणी उठून गेलं तर जाऊ दे.

रविवारी सकाळी हू जिये यांचा ‘दो आय अॅम गॉन’. सांस्कृतिक क्रांती पेटली तेव्हा, 5 ऑगस्ट 1966 ला, बीजिंगमधल्या मुलींच्या शाळेच्या उपमुख्याध्यापिका ब्यान झोंगयुन यांना त्यांच्याच विद्यार्थिनींनी बडवून ठार केलं. त्यांचे पती वांग जिंगयाओ यांनी कॅमेरा विकत घेतला आणि बायकोच्या मृतदेहाचे फोटो काढले. रक्ताने माखलेले कपडे त्यांनी जपून ठेवले होते. म्हातारपणी ती पेटी ते कॅमेऱ्यासमोर उघडतात. शाळकरी मुलं येणार असतील तर पालकांना आधी कल्पना द्या.

शेवटचा खेळ परक्या नजरेचा : मायकेलअँजेलो अँटोनिओनी यांचा ‘चुंग क्वो’, 1972 चा, साडेतीन तासांच्या आसपासचा. लोक तो सुरुवातीला लावतात, ओळख म्हणून. मी मुद्दाम शेवटी ठेवीन. दोन दिवस चिनी दिग्दर्शकांनी आपलीच माणसं कशी पाहिली हे अनुभवल्यावर बाहेरून आलेल्या इटालियन माणसाला काय दिसतं आणि कुठे त्याचा दरवाजा बंद होतो, हे पोरांना आपोआप कळतं. हेनानच्या डोंगरातल्या एका गावात तो आगंतुकासारखा शिरतो आणि लोक घाबरून आडोशाला जातात. तो भाग दोनदा दाखवलास तरी चालेल.

प्रश्न : वांग बिंग यांचा एक माहितीपट नऊ तासांचा आहे म्हणे. इतका वेळ कोण बसणार? हा प्रेक्षकांचा छळ नाही का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ‘वेस्ट ऑफ द ट्रॅक्स’ म्हणताय तुम्ही. नऊ तासांच्या वरच आहे तो. शेनयांग शहराच्या टिएशी या औद्योगिक भागात 1999 ते 2001 या काळात छोट्या डिजिटल व्हिडिओ कॅमेऱ्यावर केलेलं हे चित्रण. जपानी अमलात उभे राहिलेले आणि पुढे सोव्हिएत मदतीने वाढलेले सरकारी कारखाने एकामागून एक बंद पडतायत, कामगार विश्रांतीच्या खोलीत पत्ते खेळतायत, पुढच्या महिन्याचा पगार होईल की नाही कोणालाच ठाऊक नाही. गिरणगावात वाढलेल्या माणसाला तो छळ वाटणार नाही, असं मला वाटतं. परळ-लालबागला 1982 नंतर जे झालं, ते इतका वेळ देऊन कोणी चित्रित केलं असतं तर आपण काय दिलं नसतं!

तरी तुमची अडचण खरी आहे. मग तीन भागांपैकी शेवटचा, रेल्वेरुळांवरचा भाग तेवढा पाहा. सव्वादोन तासांच्या आसपास आहे. रुळांकडेला कोळसा आणि भंगार गोळा करून जगणारा बाप आणि त्याचा तरुण मुलगा. बापाला पोलीस पकडून नेतात आणि घरी एकटा राहिलेला मुलगा जुने फोटो काढून बसतो. त्या फोटोंपर्यंत पोचलात की बाकीचे सात तास तुम्ही स्वतःच मागाल.

प्रश्न : सीमेवर आपले जवान शहीद होतात आणि तुम्ही चिनी चित्रपटांचे महोत्सव सुचवता. हा त्यांचा प्रचार नव्हे काय?
– एक माजी सैनिक, सातारा

उत्तर : साहेब, राग समजते. पण ही नावं सरकारी प्रचारात बसणारी नाहीत. 2014 च्या ऑगस्टमध्ये बीजिंगजवळच्या सोंगझ्वांगमध्ये स्वतंत्र चित्रपटांचा महोत्सव सुरू होण्याआधीच अधिकाऱ्यांनी बंद पाडला, कागदपत्रं आणि चित्रपटांचा संग्रह उचलून नेला. चाय जिंग या पत्रकार बाईंचा हवेच्या प्रदूषणावरचा ‘अंडर द डोम’ 2015 मध्ये इंटरनेटवर आला, कोट्यवधींनी पाहिला आणि आठवडाभरात तिथल्या संकेतस्थळांवरून गायब झाला. अँटोनिओनींना तर चीन सरकारनेच बोलावलं होतं. पण जानेवारी 1974 मध्ये ‘पीपल्स डेली’ या कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्राने त्यांच्यावर जाहीर आग पाखडली. आरोपांतला एक असा की नानजिंगचा भव्य पूल त्यांनी मुद्दाम वाकडातिकडा, डळमळीत दिसेल असा टिपला आणि पुलाखाली वाळत घातलेल्या विजारीही दाखवल्या! 2004 साली कुठे ‘चुंग क्वो’ बीजिंगमध्ये दाखवला गेला.

1962 विषयी म्हणाल, तर महोत्सवात आपल्याकडचाही एक चित्रपट जोडावा असं मी सुचवीन. युद्धानंतर भारतातल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं होतं. त्यात म्हातारे होते, शाळकरी मुलं होती. मुंबईच्या रफीक इलियास यांनी त्यांच्यावर माहितीपट केला आहे. तुम्ही तो पाहून मला लिहा, पटलं नाही तरी लिहा.

प्रश्न : आमच्या सोलापूरचे डॉ. कोटणीस अशा कार्यक्रमात कुठे बसतात?
– एक निवृत्त शिक्षक, सोलापूर

उत्तर : बसतात, पण शांतारामबापूंच्या 1946 च्या चित्रपटातून नव्हे. तो कथापट आहे, त्याचा वेगळा खेळ ठेवा. माहितीपटात धागा सापडतो तो योरिस इव्हेन्स या डच दिग्दर्शकाच्या ‘द फोर हंड्रेड मिलियन’मध्ये. 1938 मध्ये जपानी आक्रमणाच्या काळात त्यांनी चीनमध्ये चित्रण केलं. छायाचित्रकार रॉबर्ट कापा त्यांच्या चमूत होते. त्याच वर्षी द्वारकानाथ कोटणीस, नागपूरचे डॉ. चोळकर आणि आणखी तिघे डॉक्टर युद्धातल्या जखमींच्या सेवेसाठी भारतातून चीनला निघाले. परतताना इव्हेन्स यांनी आपला कॅमेरा गुपचूप कम्युनिस्टांच्या हाती दिला आणि येनान या त्यांच्या तळावर चित्रपट पथकाची सुरुवात झाली. या पथकातल्या वू यिनशियान यांनीच चीनमध्ये सेवा करणारे कॅनडाचे डॉ. बेथ्यून शस्त्रक्रिया करताना टिपले आहेत. बेथ्यून 1939 मध्ये गेले आणि त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख पुढे कोटणीस झाले. 9 डिसेंबर 1942 ला तेही गेले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. तुमच्या शहरात त्यांचं स्मारक आहेच, तिथेच खेळ लावा.

प्रश्न : आमच्या महिला मंडळातल्या बऱ्याच जणींना इंग्रजी सबटायटल वाचता येत नाहीत. काय करावं? आणि परवानगी लागते का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ‘फेंगमिंग’ सोडून द्या, तो सगळा बोलण्यावर आहे. ‘प्लीज व्होट फॉर मी’ घ्या. आधी कोणीतरी दोनदा पाहून कोण कोण आहे आणि कुठे काय घडतं ते मराठीत एका पानावर लिहा, मोठ्या अक्षरात छापा आणि दिवे जाण्याआधी एकीने ते वाचून दाखवा. तिसरीतल्या पोरांचे चेहरे पुरेसे बोलके आहेत.

परवानगीचं म्हणाल तर वितरकाला ईमेल करून लेखी होकार घ्या. यूट्यूबवर सापडला म्हणून लावला, असं करू नका. छोट्या मंडळाला ते बऱ्याचदा कमी शुल्क लावतात. जाहीर महोत्सव असेल आणि चित्रपटाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसेल, तर माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे सूट मागावी लागते. अर्ज आधीच करा, पत्रिका नंतर छापा.